केळीच्या खोलीतला अधिपती

माझा आवाज भसाडा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. शाळेत समूहगीताला बाई म्हणायच्या, "तू नुसते ओठ हलव." मला पाहायला पहिलं स्थळ आलं तेव्हा मी आतल्या खोलीतून एवढंच विचारलं, "चहात साखर किती?" तर मुलाच्या आत्यानं माझ्या अब्बांना विचारलं, "आत मोठा मुलगा आहे का तुमचा?" झालं! पाहुणे चहा न पिताच उठले. पुढे लग्न झालं ते आमच्याच गल्लीतल्या, टेम्पो चालवणाऱ्या माणसाशी. दिवसभर इंजिनाचा घरघराट ऐकून त्याच्या कानांना कशाचंच काही वाटत नाही.

अब्बा पिंजारी, मूळचे धुळ्याचे. कापूस पिंजायची ती मोठी कमान खांद्याला लटकवून ते गल्लोगल्ली फिरायचे. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता बसला की 'तंय्य्' असा आवाज निघायचा आणि चार घरांतून बायका जुन्या गाद्या घेऊन बाहेर यायच्या. नंतर आम्ही जळगावात आलो, गाद्या-रजयांचं दुकान टाकलं, पिंजायला मशीन आलं आणि कमान भिंतीवर गेली. म्हणजे अब्बांच्या हातातली वस्तू अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाणारी. पण लेकीला मात्र आयुष्यभर एकच शिकवण: "हयू बोल, पोरी. गल्ली ऐकी राह्यनी." हळू बोल, गल्ली ऐकतेय. मी चालायला लागले तेव्हापासून हे ऐकत आलेय. गल्ली ऐकून काय करणार होती, देव जाणे!

मी लहान होते तेव्हा धुळ्याच्या एका हौशी मंडळानं कॅसेटवर एक विज्ञाननाट्य काढलं होतं. भागाभागांचं, अंतराळातलं. बाजारात कॅसेट मिळायची, लग्नघरी, रसवंतीवर, सलूनमध्ये लागायची. त्यात एक खलनायक होता, त्याला सगळे नुसतं 'अधिपती' म्हणायचे. त्यानं म्हणे सात ग्रह गिळले होते. तो यायचा असला की आधी एक 'तंय्य्' व्हायचा आणि मग ते हसू! पोरं आयांच्या पदरात तोंड लपवायची. मी नाही लपवलं कधी. एक तर तो 'तंय्य्' आमच्या अब्बांच्या कमानीचा होता. अधिपतीचं काम करणारे गृहस्थ शिंदखेड्याचे. ते स्वतः आमच्या दारात टेपरेकॉर्डर घेऊन आले होते आणि मी अब्बांच्या मागे उभी राहून पाहिलं होतं. दुसरं म्हणजे, मला अधिपती आवडायचा. मोठ्यानं बोलायचा आणि त्याला कुणी म्हणायचं नाही की हळू बोल.

बऱ्याच वर्षांनी, आता अलीकडच्या एका उन्हाळ्यात, जळगावजवळच्या असोद्याहून गाद्यांची ऑर्डर आली. भाड्यानं हव्या होत्या, भरपूर. मला वाटलं लग्न असेल. तर ऑर्डर देणारा निघाला एका केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पुण्यात इंजिनीअर होऊन परत आलेला. त्याला सगळे भाऊच म्हणतात. त्याच्या डोक्यात नाटकाचं खूळ. त्याच्या आईनं त्या कॅसेटा जपून ठेवल्या होत्या, त्या ऐकतच तो लहानाचा मोठा झाला. आता त्याला नवीन श्राव्यनाट्य करायचं होतं, फोनवर ऐकता येईल असं. विषय हाच, की अधिपती असा झाला कसा? जन्मतः कुणी सात ग्रह गिळत नाही. आधी तो कोण होता?

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे त्यांची केळी पिकवायची खोली. थंड करायचं मशीन बंद पडलेलं, म्हणून खोली रिकामी. जाड भिंती, जाड दार, बाहेरचं काही आत येत नाही. पण आत सगळा पत्रा! बोललं की टमरेलात तोंड घालून बोलल्यासारखं घुमायचं. म्हणून भिंतींना गाद्या लावायच्या होत्या.

आम्ही टेम्पो घेऊन गेलो. नवऱ्यानं गाडी मागे घेता घेता केळीच्या घडांचा ढीग चिरडायच्या बेतात आणली आणि मी ओरडले. काय ओरडले ते इथं लिहीत नाही. त्या जाड दारातून, ज्यातून म्हणे काही आत जात नाही, माझा आवाज आत गेला.

दार धाडकन उघडलं. भाऊ बाहेर आला, कानावर हेडफोन तसेच. "कोण बोललं?"

मी कमरेवर हात ठेवले. "मी. बोला, काय बिघडलं?"

त्याच्या मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. मान थरथरत होती, पण ते हसले आणि त्या हसण्यावरून मी ओळखलं. तेच शिंदखेड्याचे. नाना. जुने अधिपती! आता वय झालं, म्हणून नव्या नाटकात ते म्हाताऱ्या सम्राटाचं काम करत होते आणि तरुण अधिपती शोधून शोधून सगळे थकले होते. कॉलेजातली पोरं यायची, घसा खरवडून हसायची आणि जायची.

"हाच," नाना म्हणाले. "हाच आवाज."

"नाना, बाई आहे," भाऊ म्हणाला.

"मग अधिपती बाई असेल. तू पाहिलं होतंस का त्याला कधी?"

खरंच की! कॅसेटवर कोण दिसतं? त्या आवाजामागे कोण होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ डोकं खाजवत आत गेला आणि दोन दिवसांत त्यानं अख्खी गोष्ट फिरवून आणली.

गोष्ट अशी. एका ग्रहावरच्या सम्राटाला झोप लागत नाही, म्हणून त्याचा हुकूम की ग्रहावर कुणी कुजबुजीच्या वर बोलायचं नाही. त्यानंच एक अनाथ मुलगी सांभाळलेली असते. जीव लावलेला, हातानं भरवलेलं. पण तिचा आवाज मोठा. म्हणून तो तिच्या गळ्यात एक धातूचं कडं बसवतो, आवाज दाबणारं. मुलगी मोठी होते. शेवटी एक दिवस ते कडं तुटतं, ती सिंहासनासमोर उभी राहते आणि म्हणते, "ऊठ, म्हाताऱ्या! आजपासून हे सिंहासन माझं." तिथं जन्मतो अधिपती.

मी वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. घरी कुणाला बोलले नाही, पण मला ते काम हवं होतं. पोटातून हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझा आवाज हवा होता, जसा आहे तसा.

अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "राक्षसाचं काम? बाईमाणसानं? गल्लीत काय सांगू?"

"सांगा की तुमची कमान आहे त्यात," मी म्हटलं.

त्यावर मात्र ते विरघळले. कमान भिंतीवरून काढली, तात नवी चढवली आणि एका सकाळी येऊन तो 'तंय्य्' वाजवून गेले. वाजवून झाल्यावर भाऊ म्हणाला, "थांबा अब्बा, ताईंचं ऐकून जा." तर म्हणाले, "घरी रोज ऐकतो." आणि गेले.

तालमी सुरू झाल्या. कडं असेपर्यंतचे सगळे प्रवेश झकास झाले. कुजबुजत बोलायचा सराव मला होताच, तिथं भाऊची वाहवा. घोडं अडलं शेवटच्या प्रवेशात. 'ऊठ, म्हाताऱ्या' आलं की माझा आवाज तळाला जायचा. समोर केळीच्या क्रेटवर नाना बसलेले, पांढरेशुभ्र केस, थरथरती मान. त्यांना 'म्हाताऱ्या' म्हणायचं? 'ऊठ' म्हणायचं? जीभच वळेना.

बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या खानदेशात पांढरा केस दिसला की आबा, नाना, अक्का. ओळख असो-नसो. हिंदू असो, मुसलमान असो. आम्ही भांडतानासुद्धा म्हणतो, "ओ आबा, डोकं फिरलं का तुमचं?" डोकं फिरलं हे म्हणायला हरकत नाही, पण आबा राहिलं तर आपलंच तोंड खराब! मी गिऱ्हाईकाला झापते, नवऱ्याला झापते, पोलिसालाही एकदा झापलंय. पण म्हाताऱ्या माणसाला अरेतुरे? अब्बांनी हाड मोडलं असतं.

भाऊनं खूप सोसलं. "ताई, ते नाना नाहीत, तो सम्राट आहे."

"कळतंय हो!"

"मग म्हणा."

"ऊठ, म्हाताऱ्या," मी म्हणायचे. आणि ते असं निघायचं, जणू मी त्यांना दवाखान्यात न्यायला आलेय.

नाना हसून म्हणायचे, "मला राग नाही येत, पोरी. शिव्या दे हवं तर." पण ते असं गोड बोलले की आणखीनच जमेना.

एका संध्याकाळी भाऊनं मला बाजूला घेतलं. "ताई, खरं सांगतो. उद्या शेवटचा प्रयत्न. पुण्याला एक मुलगी आहे, आवाजाचंच काम करते. नाही जमलं तर तिला बोलवावं लागेल." बिचारा जमिनीकडे बघत बोलत होता. मी म्हटलं, "बोलवा की, माझ्या काय बापाचं जातं!" आणि टेम्पोत बसल्यावर रडले. घोगऱ्या आवाजानं रडणं किती वाईट ऐकू येतं! नवऱ्यानं नुसती गाडी हळू चालवली.

अब्बांना कळलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. सुटलीस." मला इतका संताप आला की मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी असोद्याला आग ओतत होतं ऊन. केळीच्या खोलीत पंखा लावायचा नाही, त्याचा आवाज येतो. चारी बाजूंनी आमच्याच कापसाच्या गाद्या. आत पिकल्या केळ्यांचा जुना वास. घामानं माझी ओढणी पाठीला चिकटलेली. भाऊ कोपऱ्यात हेडफोन घालून, नाना क्रेटवर. कडं तुटल्याचा आवाज भाऊनं एका गंजलेल्या बिजागरीनं काढला आणि मला खूण केली.

मी सुरुवात केली. "महाराज, आज मला बोलायचंय."

इथं सम्राटाचं वाक्य होतं, 'चूप! पहारेकरी!' पण नाना ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेनं, जसं कुणी डोक्यावरून हात फिरवावा तसं म्हणाले, "हळू बोल, पोरी. लोक ऐकताहेत."

अगं बाई! ते माझ्या आत कुठं जाऊन लागलं ते मला सांगता येणार नाही. समूहगीत आलं, ते चहाचं स्थळ आलं, गल्ली आली, कालचं ताट आलं.

"ऐकू दे लोकांना!" मी म्हणाले. म्हणाले कसली, गर्जले. "जन्मभर हळू बोलले मी. तुमची झोप मोडू नये म्हणून हळू बोलले. तुम्ही मला भरवलंत, मी विसरले नाही. पण आता नाही बोलणार हळू. उठा तिथून. उठा, नाना!"

गाद्यांच्या मागचा पत्रा दणाणला. बाहेर गाडी भरणारी माणसं हातातले घड तसेच धरून थांबली, हे मला नंतर कळलं.

मग मी जीभ चावली. सम्राटाला नाना! आणि वर 'उठा'!

भाऊनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. आधी मला वाटलं रडतोय, तर खांदे हलत होते. "ताई, विश्वाचा सम्राट, आणि नाना? आणि 'उठा'? आता फक्त 'पाणी घ्या' म्हणायचं राहिलं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मीही हसले, पण आतून खचले. गेलं, म्हटलं. आता येते पुण्याची मुलगी.

"पुन्हा घेऊ," भाऊ म्हणाला. "आवाज हाच ठेवा, फक्त शब्द—"

"थांब," नाना म्हणाले. ते हसले नव्हते. क्रेटवर तसेच बसले होते, काठीवर दोन्ही हात. "आधी मला ऐकव."

भाऊनं ऐकवलं. खोलीत तिघंच. माझाच आवाज मला येऊन धडकला. 'उठा, नाना' झालं. भाऊनं आपल्या हातावरचे केस उभे राहिलेले मला दाखवले.

नाना हळूहळू बोलले. "इतकी वर्षं मी त्याचं हसू हसलो. गावोगाव लोकांनी हसून दाखवा म्हटलं की हसून दाखवलं. पण तो एवढा चिडलाय कशानं, हे मला कधी कळलंच नव्हतं. आज कळलं. परक्याला उठवायला काय लागतं रे? ज्याला आपण नाना म्हणतो, त्यालाच उठवायची पाळी आली त्याच्यावर. त्यानंतर सात ग्रह काय, सगळं आकाश गिळलं तरी पोट भरायचं नाही." मग भाऊकडे वळून म्हणाले, "यातला काना-मात्रा बदललास तर मी शिंदखेड्याला निघालो."

भाऊनं बदललं, पण दुसरंच. त्यानं मागचे सगळे प्रवेश पुन्हा करून घेतले. आता ती लहान मुलगी पहिल्यापासून सम्राटाला नानाच म्हणते. जेवताना नाना, झोपताना नाना, कडं घालतात तेव्हाही नाना. जाता जाता भाऊ फोन काढून म्हणाला, "पुण्याच्या मुलीला कळवतो. म्हणावं येऊ नको, इथं ऊन फार आहे." मी त्याची तिथल्या तिथं दोन्ही हातांनी कडाकड बोटं मोडून दृष्ट काढली.

नाटक फोनवर आलं आणि काय सांगू! आमच्या दुकानात पोरं गादी दाबून बघायच्या बहाण्यानं यायची आणि म्हणायची, "ताई, एकदा म्हणा ना." बसस्टँडवर खिडकीची जागा अडवून बसलेल्या एका आबांना कॉलेजच्या पोरी म्हणताना मी स्वतः ऐकलं, "उठा, नाना!" आणि आबाही हसत सरकले. भाजीबाजारात मी मेथीचा भाव विचारला, तर बाई जुडी हातात धरून म्हणाली, "माय वं! अधिपती!" आणि मेथी दिली बरं का, कोवळी बघून.

अब्बांनी मात्र ऐकलं नाही. दुकानात कुणी विषय काढला की ते कापसात डोकं घालायचे. मी आग्रह केला नाही. पण टोचत होतं. सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं आणि ज्यानं सगळ्यात जास्त वेळा हळू बोल म्हटलं, त्यानंच ऐकलं नाही.

मग पुढच्या वर्षी आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींचा सण, सासरच्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस होतो. भाऊनं ठरवलं की आखाजीच्या संध्याकाळी केळीच्या वखारीपुढच्या अंगणात नाटक सगळ्या गावाला एकत्र ऐकवायचं. दोन मोठे स्पीकर. सण त्यांचा, गाद्या आमच्या. अंगणभर अंथरल्या. माहेरवाशिणी, त्यांची पोरं, पुढे मानाच्या जागी गावातले म्हातारे, त्यांच्यात नाना. मी ओढणी तोंडावर घेऊन अगदी मागे. अब्बा म्हणाले होते, येत नाही. पण गाद्या पोचवायला म्हणून टेम्पोत बसून आले आणि फाटकापाशी उभे राहिले, जणू गाद्या चोरीला जातील.

'तंय्य्' झाला. अब्बांनी मान वर केली.

नाटक पुढे सरकत गेलं. शेवटचा प्रवेश यायच्या जरा आधी पुढच्या रांगेतले एक आबा कानावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, कमी कर रे जरा. कान बसले." आबांचा शब्द! भाऊ काय करणार? त्यानं आवाज कमी केला. इतका कमी, की मागच्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "काय म्हणाली?" कडं तुटलं, ते आम्हाला पुसटसं ऐकू आलं. आणि मी ओढणीत तोंड घालून बसले. इथंही? इथंही हळूच?

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. भसाडा, मोठा, अख्ख्या असोद्याला ऐकू जाईल असा. तेव्हा मला कळलं, मी हा आवाज कुठून आणला ते.

"आवाज वाढाव रे भाऊ! मन्ही पोर बोली राह्यनी!"

आवाज वाढव. माझी मुलगी बोलतेय. सगळं अंगण मागे वळलं. पुढच्या आबांनी कानावरचे हात काढले. भाऊनं बटण शेवटपर्यंत फिरवलं. "उठा तिथून," मी स्पीकरमधून म्हणाले, आणि पुढचं सगळ्या माहेरवाशिणी, पोरं, गाडी भरणारी माणसं माझ्याबरोबर एका आवाजात म्हणाली. नाना काठी टेकून खरंच उठले आणि टाळ्या वाजवायला लागले.

मी तोंडावरची ओढणी काढली आणि फाटकाकडे पाहिलं. अब्बा शेजारच्या माणसाला काहीतरी सांगत होते, माझ्याकडे बोट दाखवून, मोठमोठ्यानं.